हिंग लावलेला सापळा

सापळा लावला की पाटी लावायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी टेक्ससमधल्या प्लेनो गावात एका ओढ्याकाठी सापळा लावला आणि पाटी गाडीतच राहू दिली. विसरलो असतो तर विसरभोळेपणाच्या नावावर खपवता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. पाटी, तिचा लोखंडी खांब आणि हातोडा, तिन्ही वस्तू गाडीच्या मागच्या भागात मला दिसत होत्या. सहा वाजता आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम होती. नाटकात मला पहारेकऱ्याचं काम होतं, आणि "महाराज, बाहेर कुणीतरी आलंय" या वाक्यावाचून नाटक अडेल अशी माझी समजूत होती. उद्या पहाटे आपण येणारच आहोत, तोवर इथे कोण येतंय, असं म्हणून मी गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या सापळ्यात एक मराठी माणूस सापडला. पण माझी मोठी चूक ती नव्हे. मोठी चूक त्यानंतर तासाभरात केली आणि पुढे तीन आठवडे करत राहिलो.

मी मूळचा जनावरांचा डॉक्टर. मराठवाड्यात गाईम्हशींच्या मागे चार वर्षं हिंडलो, मग लग्न झालं आणि मेधाच्या, म्हणजे बायकोच्या, नोकरीमागोमाग टेक्ससला आलो. ती सॉफ्टवेअरमध्ये. इथे डॉक्टरकी करायची तर पुन्हा सगळ्या परीक्षा द्यायच्या. त्यातल्या एकीत मी दोनदा आपटलो. ग्रीनकार्ड आल्यावर हाती लागेल ते काम शोधत असताना रॉय भेटला. साठीचा, उंच, कमी बोलणारा टेक्सन. वस्त्यांमध्ये शिरलेली रानटी जनावरं हटवायची त्याची छोटी कंपनी होती. त्याने माझे हात बघितले, एकदा रागावलेल्या रॅकूनसमोर उभं केलं आणि म्हणाला, "डॉक, सोमवारपासून ये."

मला या कामाची लाज वाटायची, हेही कबूल करून टाकतो. मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, कुणी विचारलं, "तुम्ही कशात?" तर मी म्हणायचो, "वाइल्डलाइफ मॅनेजमेंट." समोरचा फक्त शेवटचा शब्द ऐकायचा. "वा! मॅनेजमेंट!" म्हणून श्रीखंडाकडे वळायचा. मीही वळायचो.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्याचा थोरला आणि लांडग्याचा धाकटा भाऊ समजा. प्लेनोची मोठाली घरं आणि कंपन्यांच्या काचेच्या इमारती ज्या माळावर उठल्या, तिथे तो आधीपासून राहत होता. लोक आले, पण तो गेला नाही. उंदीर, ससे, पडलेली अंजिरं, मांजरांसाठी बाहेर ठेवलेलं खाणं, असं सगळं तो खातो, आणि कधीतरी एखादं हातभर कुत्रंही. बहुतेक वेळा सापळ्याची गरजच पडत नाही. मांजराची वाटी आत घ्या, कचऱ्याचं झाकण लावा, कायोटी दिसला की डबा वाजवा आणि ओरडा. माणसाची भीती वाटली की तो आपला लांब राहतो. पण हे लोकांना पटत नाही. त्यांना काहीतरी लोखंडी हवं असतं. एका बाईंनी तक्रार केली की कायोटी रोज पाच वाजता त्यांच्या मागच्या पायरीवर येऊन बसतो. आम्ही गेलो तर पायरीवर भाजलेल्या कोंबडीचे तुकडे. "बिचारा उपाशी दिसतो," बाई म्हणाल्या. रॉयने डोक्यावरची हॅट काढली, पुन्हा घातली आणि एवढंच म्हणाला, "मॅडम, तो वेळेचा पक्का आहे."

आपली माणसं तर विचारूच नका. आपल्याच एका मॅनेजरने मला बोलावलं. "यार, किल नाही करायचा हं. आमच्याकडे चालत नाही. पण संडेला मुलीची बर्थडे पार्टी आहे, त्याच्या आत तो गेला पाहिजे."

"कुठे जाऊ दे?"

"ते तुमचं टेक्निकल."

टेक्निकल असं, की धरलेला कायोटी दुसरीकडे नेऊन सोडायला या राज्यात मनाई आहे. रेबीज पसरतो. म्हणजे सापळ्यात आलेला जिवंत परत जात नाही. जनावरं जगवायला शिकलेल्या माणसाच्या वाट्याला हे काम आलं. मी ते नीट, त्याला कमीत कमी त्रास होईल असं करायचो, पण त्या दिवशी घरी जाऊन जेवण जायचं नाही. म्हणून सापळा हा आमचा शेवटचा उपाय, आणि त्याचे नियम कडक. जबड्यांना रबर पाहिजे, म्हणजे पाय फाटत नाही. मधली पट्टी अशी घट्ट करायची की ससा-मांजर वरून गेलं तरी सापळा मिटू नये. पायवाटेपासून लांब लावायचा. रोज पहाटे स्वतः जाऊन बघायचं. आणि पाटी. रॉय म्हणायचा, "डॉक, कोण आलंय ते सापळ्याला कळत नाही. ते कळायचं काम तुझं."

आता हिंगाचं सांगतो. सापळ्याजवळ वासाचं औषध लावतात. रॉय ते बाटलीतून विकत आणायचा. पहिल्यांदा मी बूच उघडलं, तर सडलेलं अंडं आणि माशाचं तेल यांच्या मागून थेट आमच्या आजोळची फोडणी आली. मी रॉयला म्हटलं, "यात हिंग आहे."

"तुला कसं माहीत? इथले जुने लोक शंभर वर्षं वापरतात."

"आमच्यात आम्ही ते जेवणात घालतो."

रॉयने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पण बाटलीतला हिंग अगदीच मिळमिळीत होता. मी मेधाच्या मिसळणाच्या डब्याशेजारचा खडा हिंग कुटून नेला. ती म्हणाली, "माझा हिंग? कोल्ह्याला?" तिने दुसरी डबी आणली आणि तिच्यावर 'घरचा' अशी चिठ्ठी चिकटवली. माझं मिश्रण मात्र फार गुणकारी निघालं. रॉयसुद्धा त्याची तारीफ करायचा, फक्त गाडीच्या काचा खाली करून.

त्या ओढ्याकाठी एक कायोटी भर दिवसा कुत्री फिरवणाऱ्यांच्या मागे चालायला लागला होता. एक पूडल त्याने नेलं होतं. डबे वाजवून झाले, कचऱ्याची झाकणं झाली, तो हलेना. तेव्हा वस्तीच्या असोसिएशनने सापळ्याला परवानगी दिली, अर्थात पाट्या लावण्याच्या अटीवर. मी पायवाटेपासून तीस पावलांवर झुडपाआड सापळा लावला, हिंग सढळ हाताने घातला आणि तालमीला गेलो.

पहाटे धुकं होतं. झुडपाआड काहीतरी उभं होतं, कायोटीपेक्षा बरंच उंच. जवळ गेलो. माकडटोपी, गळाबंद स्वेटर, पांढरे स्पोर्ट्‌स शूज, हातात काठी.

"गुड मॉर्निंग," आकृती म्हणाली. "एक्सक्यूज मी. माय लेग इज एंगेज्ड."

"अरे देवा!"

"मराठी का? बरं झालं बाबा. अर्धा तास झाला, पुढचं इंग्रजी जुळवतोय. हे जरा सोडवता का?"

मी गुडघ्यांवर बसलो. "काका, लागलं का हो?"

"बूट चेपलाय. बोटं हलतायत. मोजली, पाचही आहेत."

बुटाचं पुढचं टोक रबरी जबड्यात अडकलं होतं. सापळा उघडला. पाऊल लाल झालं होतं, बाकी काही नव्हतं. तिथल्या तिथे मला रडू यायचं बाकी होतं.

"पण तुम्ही वाट सोडून इकडे कशाला आलात?"

"हिंगाचा वास आला," काका म्हणाले. "दोन महिने झाले इथे येऊन. सूनबाई बिचारी दिवसभर कामावर, मायक्रोवेव्हचं खातो. इतका खणखणीत हिंग कुणाकडे आहे, बघावं म्हटलं. जवळ एखादं मराठी घर असेल, ओळख करून घेऊ. तर इथे घरच नाही. कुणाचा हिंग हा?"

"माझा."

"उत्तम आहे," काका म्हणाले आणि बूट घालू लागले.

हे ठोंबरेकाका. कऱ्हाडचे, वय चौऱ्याहत्तर, बायको गेल्यापासून तिथे एकटे राहणारे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. मी फोन केल्यावर मुलगा, उमेश, मला मंडळातून 'डॉक्टर' म्हणून ओळखणारा, पायजम्यावरच गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना ओरडला, "हे कोणी लावलंय? नो वॉर्निंग, नथिंग! आय विल स्यू देम!"

मी रॉयला फोन केला. तो यायला वेळ होता. आणि त्या वेळात मी ते केलं. गाडीतून पाटी काढली, पायवाटेच्या तोंडाशी खांब रोवला, हातोड्याचे चार-पाच घाव घातले आणि सभोवारची माती बुटाने दाबली. विचार करून केलं असं म्हणवत नाही, पण माती दाबायची अक्कल मात्र सुचली.

वीस मिनिटांत उमेश कॅमेरा घेऊन परत आला. मागे काकाही होते, काठी राहिली म्हणून. उमेश पाटीपाशी येऊन थबकला.

"बाबा, अहो पाटी आहे ना इथे! एवढी मोठी! इंग्लिशमध्ये आहे, स्पॅनिशमध्ये आहे, वर पंजाचं चित्र आहे!"

काका पुढे झाले. चष्मा वर-खाली केला. प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत वाचलं.

"मी इथूनच गेलो," ते म्हणाले.

"मग?"

"दिसली नाही."

उमेशचा राग एकदम उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सॉरी हं, डॉक्टर. तुमच्या कंपनीवर मी उगाच ओरडलो. बाबांचं आता… वय झालंय."

आणि मी म्हणालो, "होतं असं."

मोठी चूक म्हणतो ती ही. मागाहून रॉय आला, त्याने विचारलं, "पाटी होती?" मी "होती" म्हणालो आणि त्याने तसं लिहून घेतलं. पण ते नोकरीसाठीचं खोटं होतं. काकांसमोरचं "होतं असं" फार वाईट. ठोंबरेकाका चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात होते, हे मला नंतर कळलं. शेताच्या बांधावरचे हद्दीचे दगड शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मी पटवून दिलं होतं, की त्याच्या नाकासमोरचा लाल अक्षरांचा फलक त्याला दिसला नाही.

पुढचे तीन आठवडे मी शिक्षा भोगली म्हणावं, तर शिक्षेऐवजी सत्कार झाले. सापळा कंपनीचा, काकांना सोडवणारा मी. उमेशची बायको वृषाली मला डब्यातून आमटी पाठवायची. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात नाटकाआधी अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावलं. "संकटकाळी धावून जाणारे आपले डॉक्टर!" शाल दिली, नारळ दिला. पहिल्या रांगेत ठोंबरेकाका बसून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर नाटक. पहारेकरी म्हणून मी उभा राहिलो, काकांकडे नजर गेली आणि माझं एकुलतं एक वाक्य पार पुसलं गेलं. महाराजांनी वाट पाहिली. शेवटी स्वतःच म्हणाले, "बाहेर कुणीतरी आलंय वाटतं." नाटक पुढे गेलं. कुणाचंच काही अडलं नाही. याच वाक्यासाठी मी पाटी सोडून पळालो होतो.

तिकडे उमेशने काकांचं पहाटेचं फिरणं बंद केलं होतं. घराची किल्ली काढून घेतली. प्लेनोत गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्याला पाय एवढंच वाहन असतं, तेही गेलं. मग त्यांना मेमरी टेस्टला नेलं. वृषालीने मला हसत हसत सांगितलं, "डॉक्टर म्हणाले घड्याळाचं चित्र काढा, तर बाबांनी फूटपट्टी मागितली! शंभरातून सात-सात वजा करताना तर थांबेचनात. तो म्हणतोय इनफ, इनफ, आणि हे शून्याच्या खाली चाललेत."

"म्हणजे सगळं ठीक आहे ना?"

तिचं हसू गेलं. "टेस्ट नॉर्मल आहे. पण उमेश म्हणतो, पाटीचं काय? समोर पाटी होती ना? आता त्यांना कऱ्हाडला एकटं पाठवायचं नाही म्हणतोय. मार्चचं तिकीट कॅन्सल करणार आहे. तिथलं घरही विकून टाकू म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी संत्री घेऊन काकांकडे गेलो. अपराधी माणूस फळं फार नेतो. काका वरच्या खोलीत खिडकीशी वही घेऊन बसले होते.

"या डॉक्टर. काय लिहितोय बघा." त्यांनी वही पुढे केली. बारीक, सरळ अक्षर होतं. 'सकाळ. टपालपेट्या अकरा. आग विझवायचे नळ दोन. विक्रीची पाटी एक, निळी. संध्याकाळ. टपालपेट्या अकरा.' पानंच्या पानं.

"रोज तपासतो," ते म्हणाले. "एखादी निसटते का बघतो. अजून निसटली नाही. पण पाटी निसटली ना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही जनावरांचे का असेना, डॉक्टर आहात. खरं सांगा. समोरचा खांब दिसत नाही, याच्यापुढे काय काय होतं?"

मी संत्रं सोलत बसलो. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "गोड आहेत."

घरी आलो. मेधाने माझ्याकडे बघितलं. त्या तालमीला जाताना तिनेही माझ्या गाडीत पाटी बघितली होती; तीन आठवडे तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

आधी रॉयला सांगितलं. मी भित्रा आहे, आणि इंग्रजीत चूक कबूल करणं मला सोपं जातं. तिथे सॉरी हा शब्द आपण कोपर लागलं तरी वापरतो. रॉय ऐकत राहिला. मग माझ्या गाडीतली सगळी हत्यारं त्याने आपल्या गाडीत टाकली. सहा महिने मला सापळ्याला हात लावू दिला नाही. त्या काळात मी फक्त कचऱ्याची झाकणं तपासली. असोसिएशनला त्याने स्वतः कळवलं आणि ते काम आमच्या हातून गेलं. तो रागावला नाही. म्हणाला, "पाटी राहिली असं सांगितलं असतंस, तर मी शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. त्या म्हाताऱ्याला गाठ. मी बाहेर गाडीत बसतो." तो खरोखरच उमेशच्या घरासमोर गाडीत बसून राहिला. बहुधा मी मागच्या दाराने पळेन अशी त्याला शंका होती.

रविवार होता. उमेश, वृषाली, काका, तिघंही पोह्यांना बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पाटी नव्हती. गाडीत होती. काका गेल्यावर मी रोवली.

उमेश उठला. "व्हॉट? डॉक्टर, तुम्हाला कल्पना आहे? आम्ही बाबांना डॉक्टरकडे नेलं! मी घर विकायला काढणार होतो! माणूस आहात की—"

"तू थांब," ठोंबरेकाका म्हणाले. त्यांनी पोह्यांची बशी सरकवली. "वृषाली, कागद आण. कोरा. पेन आण."

मला खुर्चीत बसवलं. "लिहा. मी सांगतो तसं. जबाब आहे हा. मी, खाली सही करणार, नाव घाला, राहणार प्लेनो, धंदा…"

मी थबकलो. "धंदा काय लिहू?"

"करता ते लिहा."

आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलं: धंदा, कायोटी पकडणे.

"समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की, सदर दिवशी पहाटे जागेवर पाटी नव्हती. श्री. ठोंबरे यांना पाटी दिसली नाही, कारण दिसण्यास पाटी नव्हती. याखाली रेघ ओढा. सदर पाटी मी त्यानंतर स्वहस्ते रोवली. जबाब राजीखुशीने दिला आहे. उमेश, साक्षीदार म्हणून सही कर."

"बाबा, साक्षीदार कशाला? मी तर तिथे—"

"तू कोणत्या कागदावर माझं घर विकणार होतास? त्याला साक्षीदार लागले असते ना? मग इथेही लागतात."

उमेशने सही केली. मान खाली घालून त्याने खिशातली किल्ली काढली आणि कागदाशेजारी ठेवली. काकांनी ती उचलली नाही. ते कागद वाचत होते, ओळीओळीवरून बोट फिरवत. शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ वाढवली होती. बोट तिथे थांबलं.

"'मला माफ करावे.' हे कुणी सांगितलं लिहायला?"

"मीच लिहिलं."

"खोडा. ते जबाबात येत नाही. जबाबात घडलं तेवढंच येतं. हे तोंडाने म्हणायचं असतं, माणसाकडे बघून."

मी ओळ खोडली. पेन खाली ठेवलं आणि वर बघितलं.

"काका," मी म्हणालो, "तुमची नजर ठीक होती. डोकंही ठीक होतं. खोटा मी होतो. माझं चुकलं, मला माफ करा."